आई, भार सहाशे, कमी करणे

आमचे हे बोल्टच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहेत. कुठल्या कप्प्यात कुठल्या मापाचे किती नट पडलेत, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. घरात मात्र स्वतःचे मोजे सापडत नाहीत. ते मी शोधते. एकवीस वर्षं शोधते आहे, तेव्हा या माणसाबद्दल मी जे बोलणार आहे ते अधिकाराने बोलणार आहे, कुणी मध्ये तोंड घालू नये.

तर त्या थंडीत आमचं विजेचं बिल आलं चारशे वीस युनिटांचं. आधीचं तीनशेचं होतं. दुसरा कुणी असता तर दोन शिव्या घालून बिल भरून मोकळा झाला असता. आमच्याकडे ते बिल जेवणाच्या टेबलावर मध्यभागी ठेवलं गेलं, चौघांना समोर बसवलं गेलं, आणि "यातलं कोण आहे?" असं विचारण्यात आलं. चौघं म्हणजे हे, मी, कॉलेजात जाणारी आमची लेक आणि सासूबाई. जणू कुणीतरी एकशेवीस युनिटं उचलून उशीखाली लपवली होती.

"बाबा, बिल वाढलंय, चोरी नाही झालेली," लेक म्हणाली.

"जे मोजलं जात नाही ते चोरीलाच जातं," हे म्हणाले. हे वाक्य त्यांच्या स्टोअरच्या भिंतीवर लावलेलं आहे. लावलेलंही यांनीच.

दुसऱ्या दिवसापासून मोहीम सुरू झाली. स्टोअरमधून चिकटपट्ट्यांचं बंडल आलं. बंडलाचे पैसे यांनी तिथे भरले, तेवढा प्रामाणिकपणा आहे, नाही म्हणायचं नाही. मग गुडघ्यावर बसून, पालथं पडून, फ्रिजच्या मागे टॉर्च मारून प्रत्येक वस्तूच्या बुडावर छापलेले वॅट वाचायचे, ती दिवसाला किती तास चालते ते आम्हाला विचारायचं, गुणायचं, हजाराने भागायचं, की झाली युनिटं. ती चिकटपट्टीवर लिहून त्या वस्तूच्या कपाळावर डकवायची. मिक्सरच्या कपाळावर, गीझरच्या कपाळावर, दाराच्या बेलवरसुद्धा. लेकीने बापाचं नाव वॅटराव ठेवलं. मी म्हटलं, नाव बरोबर आहे, घराची वाट लावायला निघालेत.

चहा करायला केटल लावली की हे मागून येऊन "किती कप?" विचारायचे. आंघोळीला गेलं की दारावर टकटक, "गीझर बंद केलास का?" लेक केस वाळवायला यंत्र लावायची तर हे मनगटावरचं घड्याळ बघत उभे. एकदा तर पाहुण्याने बेल दोनदा वाजवली, तर दार उघडून यांनी त्याला पहिल्यांदा काय सांगितलं असेल? "एकदा पुरते."

मग यांची नजर इस्त्रीवर गेली. आता सांगते, मी दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसते. पेशंट आधी माझा चेहरा बघतो, मग आत डॉक्टरांकडे जाऊन आपला दाखवतो. तिथे चुरगळलेल्या कपड्यांनी बसता येत नाही. यांनी इस्त्रीवर 'हजार वॅट, आठवड्यातून एकदा' अशी पट्टी लावली आणि माझं डोकं फिरलं.

"माझ्या इस्त्रीवर काय डोळा ठेवताय?" मी म्हटलं. "जरा पलीकडच्या खोलीत बघा. संध्याकाळपासून सकाळपर्यंत काय चालतं ते."

बोलून गेले. पलीकडच्या खोलीत सासूबाई असतात, आणि त्यांचा तो तेल भरलेला विजेचा हीटर. त्यांच्या गुडघ्यांना थंडी सोसत नाही. आणि माझे ते कडक कपडे रोज कोण करून ठेवतं? सासूबाईच. त्यांचं तीस वर्षं इस्त्रीचं दुकान होतं, त्यांचा हात फिरला की बाहीला धार येते. म्हणजे ज्या बाईच्या इस्त्रीसाठी मी भांडले, त्याच बाईकडे बोट दाखवून मोकळी झाले. आपलंच बोट, पण त्या दिवशी ते मोडायला हवं होतं.

हे टॉर्च घेऊन आईच्या खोलीत गेले. हीटरच्या बुडावर लिहिलं होतं दोन हजार वॅट. सासूबाई म्हणाल्या, साधारण दहा तास चालतो. हे बाहेर आले तेव्हा चेहरा असा, की डॉक्टरांकडे पेशंटला चार दाढा काढायच्या आहेत म्हटल्यावर होतो तसा.

"दिवसाला वीस युनिटं," हे म्हणाले. "महिन्याला सहाशे."

"अहो, सगळ्या घराचं बिलच चारशे वीसचं आहे," मी म्हटलं.

"गुणाकार मी तीनदा केलाय."

त्या रात्री जेवणं झाल्यावर यांनी तक्ता तयार केला. विजेच्या बिलावर 'मंजूर भार' असं छापलेलं असतं, तो शब्द यांना फार आवडला. तेव्हा तक्त्याला तीन रकाने: ठिकाण, भार, शेरा. ठिकाणात खोल्या लिहायच्या होत्या, पण आपण घरात खोल्यांना जसं म्हणतो तसंच यांनी लिहिलं. स्वयंपाकघर. लेक. आई. प्रत्येकापुढे महिन्याची युनिटं, आणि शेवटी कचेरीच्या भाषेत शेरा. तक्ता फ्रिजवर लागला. तिसरी ओळ अशी होती:

आई. भार ६००. कमी करणे.

मी सकाळी घाईत दूध काढताना ती ओळ वाचली आणि मला काहीही वाटलं नाही. हे मी मुद्दाम सांगते. मला फक्त बरं वाटलं की तक्त्यात इस्त्रीचं नाव नव्हतं.

वॅटरावांना मात्र वेगळीच काळजी लागली. सगळ्या घराची बेरीज आली अकराशे चाळीस युनिटं. बिल चारशे वीसचं. साध्या माणसाला वाटलं असतं, आपलं कुठेतरी चुकलं. पण स्टोअरकीपरचं पुस्तक कधी चुकत नाही, चुकतो तो माल. यांनी निष्कर्ष काढला की मीटर हळू फिरतंय.

"म्हणजे आपण दर महिन्याला सातशे वीस युनिटं फुकट वापरतोय," हे घाम पुसत म्हणाले. "उद्या तपासणी झाली तर? मागची सगळी वर्षं काढतील. दंड लावतील. कारखान्यात कळलं तर?"

"गप्प बसा," मी म्हटलं. "कुणी विचारलंय का?"

पण यांच्या मनात चोराचं चांदणं पडलं होतं, चोरी न करताच. यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वीज कचेरीत जाऊन रांगेत उभे राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. खिडकीतल्या कारकुनाने न बघताच अर्ज पुढे सरकवला. त्यावर छापलं होतं, 'बिल जास्त आल्याबाबत'.

"जास्त नाही, कमी आलंय," हे म्हणाले.

कारकुनाने पहिल्यांदा मान वर केली. "कमी आलंय तर इकडे काय करताय?"

"वाढवून हवंय. म्हणजे, खरं तेवढं हवंय."

मागच्या रांगेत हसू फुटलं. कारकुनाने शेजारच्याला बोलावलं, शेजारच्याने साहेबांना. साहेबांनी यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. शेवटी अर्जावर 'जास्त' खोडून 'कमी' करण्यात आलं, आणि शुक्रवारी मीटर तपासायला माणूस पाठवतो असं ठरलं. हे सगळं मला यांनीच सांगितलं, आणि सांगताना मान ताठ होती.

इकडे घरात काय झालं होतं? सासूबाईंचा हीटर बंद झाला होता. संध्याकाळी मी खोलीत गेले तर त्या दोन स्वेटर घालून, डोक्याला मफलर बांधून बसलेल्या.

"आई, हीटर?"

"नको. उकडतं मला."

बाहेर अंगणातलं पाणी गोठायचं बाकी होतं, आणि सासूबाईंना उकडतंय. मला वाटलं, म्हातारपण, एकेक लहरी येतात. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्या भिंत धरून चालायला लागल्या. आणि वॅटरावांनी काय करावं? फ्रिजवरच्या तक्त्यात आईच्या ओळीपुढे हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली.

"बघा," हे आम्हा दोघींना म्हणाले. "या घरात नियम पाळणारी एकटी आईच आहे."

त्याच दुपारी मला लवकर सुटी मिळाली. घरात शिरले तर सासूबाई फोनवर माझ्या नणंदेशी बोलत होत्या. "रविवारी ये मला न्यायला. आठ दिवसांसाठी नाही गं, आता तिकडेच. नाही, भांडण कसलं. चांगली आहेत सगळी. पण त्यांना माझा भार होतोय. अगं मला कशाला वाटेल, लिहून लावलंय त्याने. फ्रिजवर."

मी दारातच उभी राहिले. पायातली चप्पल काढायचं सुचलं नाही. पुढची खोली ओलांडून फ्रिजपाशी गेले आणि ती ओळ पुन्हा वाचली. आई, भार सहाशे, कमी करणे. आणि पुढे हिरवी खूण, म्हणजे काम झालं. लाज वाटली, अशी की कान तापले. यांनी लिहिलं होतं, पण यांना त्या खोलीचा रस्ता मी दाखवला होता.

हे घरी आले तेव्हा मी यांना आधी बसवलं आणि मग सांगितलं. हे आधी हसले, मग पांढरे पडले. "अगं, भार म्हणजे विजेचा भार. खोलीचा भार."

"मला काय सांगता? तिकडे सांगा."

गेले. आणि या माणसाला सांत्वन करता आलं असतं तर मला एकवीस वर्षं कशाला बोलावं लागलं असतं. हे आईला वॅट म्हणजे काय, युनिट म्हणजे काय, इथपासून समजवायला लागले. "तू भार नाहीस, आई. तुझ्या खोलीचा भार आहे."

"खोलीत मीच असते ना रे?" सासूबाई म्हणाल्या.

"पण वीज तू खात नाहीस, हीटर खातो."

"आणि हीटर कुणासाठी असतो?"

"आई, तू हीटर लाव बघू," हे शेवटी म्हणाले.

"लिहिलंय ते खरं आहे का, सहाशे?"

आता इथे एक साधं खोटं बोलायला काय हरकत होती? पण आमचे हे. "खरं आहे," हे म्हणाले. "तीनदा गुणलंय."

"मग नको," असं म्हणून त्यांनी कपाटातून पिशवी काढली आणि लुगड्यांच्या घड्या आत ठेवायला लागल्या. घड्यासुद्धा अशा, की पट्टीने मापाव्यात. हे बाहेर येऊन टेबलाशी बसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मीही वाढते म्हटलं नाही.

शुक्रवारी मीटर तपासायला एक तरुण मुलगी आली, खांद्याला हत्यारांची बॅग, कानावर पेन्सिल. तिने मीटरला तिचं यंत्र जोडलं, अर्धा तास आकडे बघितले आणि म्हणाली, "साहेब, मीटर ठणठणीत आहे."

"शक्यच नाही," हे म्हणाले आणि तक्ता पुढे केला. तिने तक्ता वाचला. आईच्या ओळीवर तिची नजर थांबली, मग तिने एकदा यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"बिल दाखवा," ती म्हणाली. बिल बघायला तिला इतका वेळसुद्धा लागला नाही. "मागचं बिल तीस दिवसांचं आहे. हे बेचाळीस दिवसांचं. यावेळी आमचा माणूस आकडा घ्यायला उशिरा आला होता. वरती तारखा छापल्यात बघा. दिवसाला दहा युनिटं तेव्हाही होती, आताही आहेत. काहीच वाढलेलं नाही."

बाई गं. बेलवर पट्टी लावणाऱ्या माणसाने बिलावरची तारीख वाचली नव्हती. लेक तोंडावर ओढणी धरून आत पळाली. हे तारखांकडे बघत राहिले, मग क्षीण आवाजात म्हणाले, "पण हीटर? दोन हजार वॅट, दहा तास?"

"चला, बघू."

आम्ही सगळे सासूबाईंच्या खोलीत गेलो. त्या पलंगावर घोंगडी पांघरून बसल्या होत्या, शेजारी भरलेली पिशवी. मुलीने हीटर लावला. सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आता बंद होईल," आणि हीटर 'टक' वाजून बंद झाला.

"आजी, तुम्हाला कसं कळलं?" मुलीने विचारलं.

"तीस वर्षं इस्त्री केली मी. तापली की टक, गार झाली की टक. वरचा दिवा विझला की बिल थांबतं. हा मेला त्याच जातीचा आहे. एकदा खोली तापली की दोन मिनिटं चालतो आणि आठ मिनिटं झोपतो."

"बरोबर," मुलगी यांना म्हणाली. "दोन हजार वॅट खरे, पण चालू असतो तेवढ्यापुरतेच. वीस नाही साहेब, दिवसाला चारच्या आसपास."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे पलंगाच्या कडेला टेकले. "आई, तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तू तास विचारलेस, मी तास सांगितले. टक कुठे विचारलीस?" सासूबाई म्हणाल्या. "शाळेतून आलास की माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली बसून पाढे पाठ करायचास. सात वर्षं. मला वाटलं, तुझ्या कानात असेल ती अजून." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि कागदावर हीटरचं नाव असतं तर बोललेही असते. माझं होतं."

मुलीने हत्यारं आवरली. जाता जाता तिने खोलीचं दार ओढून घेतलं आणि सहज म्हणाली, "दार लावून ठेवा, ऊब टिकते. आणि आजी खोलीत असतात ते बरंच आहे. बसल्या जागी माणूस शंभर वॅटची ऊब देतो. त्याचं बिल पाठवायला आम्हाला अजून जमलेलं नाही."

ती गेल्यावर मी सासूबाईंसमोर उभी राहिले. म्हटलं आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही. "आई, तुमच्या खोलीकडे यांना मी धाडलं होतं. इस्त्री वाचावी म्हणून."

"माहीत आहे. भिंत पातळ आहे."

"आणि तरी तुम्ही रोज माझे कपडे..."

"कपड्यांचा काय दोष?" त्या म्हणाल्या. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मुलगी गेल्यावर हे उरलेला दिवस भरायला कारखान्यात गेले होते, ते संध्याकाळी सहाला आले. चहा नको म्हणाले. जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून आईच्या खोलीत नेली, वही उघडली, मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि हीटर लावला. हीटर टक वाजला की वेळ लिहायची. मी दारात उभी. पहिल्या दोन टकांच्या वेळा यांनी वहीत लिहिल्या. तिसऱ्याच्या आधी सासूबाई म्हणाल्या, "आता," आणि टक. चौथ्याला यांनी वहीत न बघता "आता" म्हटलं, ते चुकलं. सासूबाईंनी नुसती मान हलवली. मग दुकानाच्या गोष्टी निघाल्या, ती जळलेली कॉलर, तो उधारीवर कोट नेणारा मास्तर, सातचा पाढा टेबलाखालून ओरडून म्हटल्यावर दचकलेलं गिऱ्हाईक. यांचं पेन कधी थांबलं ते यांनाही कळलं नाही. मी इतक्या वर्षांत या दोघांना तासभर एका खोलीत पाहिलं नव्हतं.

"आई," हे एकदम म्हणाले, "ही मोजणी आठ दिवस तरी करायला हवी. आणि खोलीत तू हवीस. रिकाम्या खोलीचा आकडा खोटा येईल."

"हीटर तर इथेच राहणार आहे. माझं काय काम?"

यांनी खिशातून चिकटपट्टी काढली. आधीच लिहून आणली होती, कारखान्यातून. ती आईच्या हातात दिली. सासूबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "आई. शंभर वॅट. चोवीस तास. बिल नाही."

"तो शब्द चुकला माझा," हे म्हणाले. "तू भार नाहीस, आई. पुरवठा आहेस."

सासूबाई पट्टीकडे बघत बसल्या. हीटर टक वाजला, यांनी लिहिलं नाही.

"शंभरच?" त्यांनी विचारलं.

"साधारण."

"साधारण नको. नीट मोज," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी नणंदेला लावला. "रविवारी येऊ नकोस गं," त्या म्हणाल्या. "माझी मोजणी चालू आहे."